मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अनवट वाटा

(संस्थेच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने प्रतिमानिदान विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचे शब्दांकन. रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांची नावे, गावे व काही तपशील वगळले आहेत.)



या व्यासपीठावरून दरवर्षी हृदयरोग, मधुमेह, माता-बालसंगोपन अशा विषयांवर व्याख्याने होतात आणि ती करणारे डॉक्टर आपल्या परिचयाचे असतात. आमचा विभाग त्या मानाने अप्रसिद्ध. आम्ही अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसणारी माणसे. बहुतेक रुग्णांनी आमचा चेहरा कधी पाहिलेलाच नसतो. त्यांच्या हाती पडतो तो आमच्या सहीचा इंग्रजी कागद. आज मला त्या कागदाविषयी, आणि त्यात अधूनमधून येणाऱ्या एका विशिष्ट मजकुराविषयी बोलायचे आहे. मेंदूच्या धमन्या सर्व माणसांत सारख्या नसतात. काहींत त्या इतक्या निराळ्या असतात की पाहणारा क्षणभर थबकतो. त्या निराळेपणाला रोग समजणे ही एक चूक, आणि तो निराळेपणा मुळीच न पाहणे ही दुसरी. दोन्ही चुकांची किंमत रुग्णाचे कुटुंब मोजते.

प्रथम मूळ रचना थोडक्यात सांगतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. मिनिटाला साधारण पाऊण लिटर. हे रक्त चार वाटांनी वर चढते. मानेच्या पुढील भागातून दोन कॅरोटिड धमन्या जातात. घशाच्या बाजूला बोट ठेवले की ठोके लागतात त्या याच. सुश्रुतसंहितेत मानेतील ज्या आठ 'मातृका' मर्मांना सद्यःप्राणहर म्हटले आहे, ती याच परिसरातली. मागील बाजूने मणक्यांच्या छिद्रांतून दोन व्हर्टिब्रल धमन्या चढतात व कवटीत शिरल्यावर एकत्र येऊन एकच बॅसिलर धमनी होते. मेंदूच्या तळाशी पुढचा व मागचा पुरवठा लहान लहान जोडधमन्यांनी एकमेकांना जोडलेला असतो आणि त्यातून एक कडे तयार होते. दोन कालव्यांना जोडणारा आडवा पाट असावा, म्हणजे एका कालव्याचे दार पडले तरी दुसऱ्याचे पाणी त्या शिवारात फिरवता येते, तशी ही निसर्गाची तजवीज आहे.

या कड्याला इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांचे नाव आहे. १६६४ मध्ये त्यांचा मेंदूच्या रचनेवरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे काढण्यास ख्रिस्तोफर रेन यांनी हातभार लावला होता. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल पुढे ज्यांनी उभारले तेच हे रेन. विलिस यांच्याआधीही काही शरीरशास्त्रज्ञांनी हे कडे पाहिले होते. ते कशासाठी आहे हे नीट ओळखले विलिस यांनी. त्यांनी एका मृत माणसाचे शवविच्छेदन केले. मृत्यू पोटातील गाठीने झाला होता. कवटी उघडल्यावर उजवी कॅरोटिड धमनी जवळजवळ पूर्ण बंद होऊन कठीण झालेली दिसली. या माणसाला पक्षाघात व्हायला हवा होता; तो झाला नव्हता. शोध घेता त्याच बाजूची व्हर्टिब्रल धमनी दुसरीच्या मानाने तिप्पट रुंद झालेली आढळली. बंद पडलेल्या वाटेचे काम शेजारच्या वाटेने गाजावाजा न करता उचलले होते.

पुढे ग्रंथांतून या कड्याचे एक सुबक, दोन्ही बाजू सारख्या असलेले चित्र रूढ झाले. मीही विद्यार्थिदशेत तेच चित्र घोटले. परंतु हे चित्र किती माणसांच्या डोक्यात तंतोतंत आढळते? १९५९ मध्ये आल्पर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३५० निरोगी मेंदू तपासले, तेव्हा सुमारे ५२ टक्के मेंदूंत ते आढळले. चंदीगडच्या शरीररचनाशास्त्रज्ञांनी १,००० मेंदूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हे प्रमाण ४५ टक्के भरले. म्हणजे या सभागृहात बसलेल्यांपैकी जवळपास अर्ध्यांच्या मेंदूतले कडे 'पुस्तकाप्रमाणे' नाही. कुणाची एक जोडधमनी सुतासारखी बारीक, कुणाची एक व्हर्टिब्रल धमनी दुसरीच्या निम्मीही नाही. कुणाच्या मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणारी धमनी मागच्या बॅसिलरऐवजी पुढच्या कॅरोटिडमधून निघते, गर्भावस्थेत असते तशीच. अशी माणसे नांगर धरतात, शाळेत शिकवतात, नव्वदी गाठतात, आणि त्यांना याची गंधवार्ताही नसते.

एका कटू आठवणीशिवाय हे बोलणे पुढे नेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शहरात नोकरीस होतो. आपल्याच जिल्ह्यातील घाटाखालची एक मुलगी अर्धे डोके दुखते म्हणून तपासणीस आली. एमआरआयमध्ये मेंदू निर्दोष होता. धमन्यांच्या चित्रात उजवी व्हर्टिब्रल बारीक होती आणि उजवी मागची जोडधमनी दिसत नव्हती. मी अहवालात पहिलीविषयी 'हायपोप्लास्टिक' आणि दुसरीविषयी 'अ‍ॅब्सेंट' असे दोन शब्द लिहिले, सही केली आणि पुढचा रुग्ण घेतला. अर्धशिशी असलेल्या निरोगी मुलीचा तो अहवाल होता. 'हा आजार नव्हे' हे वाक्य मात्र मी लिहिले नाही, कारण वाचणाऱ्या डॉक्टरांना ते ठाऊकच असते असे मी गृहीत धरले.

तो कागद प्रथम डॉक्टरांनी वाचलाच नाही. तो वाचला नात्यातल्या एका पदवीधर मुलाने, शब्दकोश हाताशी घेऊन. मुलीचा साखरपुडा झालेला होता. आठ दिवसांत बातमी व्याह्यांच्या गावी पोहोचली की मुलीच्या डोक्यात एक नस नाही आणि दुसरी वाळलेली आहे. वडील माझ्याकडे आले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात धरली होती. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीच्या डोक्यात नस नाही म्हून तुमी लिवलं. मंग थे दहावीले पह्यल्या वर्गात कशी पास झाली?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, परंतु ते अहवालात असायला हवे होते. मी त्यांना समजावले, मराठीत सविस्तर पत्र लिहून दिले. ते पोहोचेपर्यंत मुलाचे लग्न दुसरीकडे ठरले होते. मुलीचे पुढे दोन वर्षांनी चांगल्या घरी लग्न झाले असे कळले. पण त्या दोन वर्षांत त्या घराने काय सोसले असेल, ते माझ्या दोन शब्दांच्या पदरी आहे.

त्यातला 'अ‍ॅब्सेंट' हा शब्द तर शास्त्रीय दृष्ट्याही घाईचा होता. तो का, हे समजण्यासाठी धमन्यांची चित्रे कशी निघतात ते थोडे पाहावे लागेल. जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या प्रथम पाहिल्या त्या लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी, १९२७ मध्ये, कॅरोटिड धमनीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य टोचून. कित्येक वर्षे हाच एक मार्ग होता. तो जोखमीचा असल्याने ज्याला गंभीर आजार असेल त्याचीच अशी तपासणी होई. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात हाऊन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, आणि कवटी न उघडता, धमनीला सुई न लावता मेंदू दिसू लागला. त्यानंतर एमआरआय आला. त्यात धमन्यांसाठी जी पद्धत सर्रास वापरली जाते, तिच्यात वाहते रक्त स्वतःच उजळते: ज्या पट्ट्याचे चित्र काढायचे तेथील स्थिर भाग यंत्र मंद करून ठेवते आणि बाहेरून नव्याने आत आलेले रक्त चमकते. औषध टोचावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. दोष असा की अगदी बारीक किंवा अगदी संथ वाहणारी धमनी चमकतच नाही. उन्हाळ्यात आपल्या कित्येक नद्या आकाशातून पाहणाऱ्याला कोरड्या दिसतात. वाळूत हातभर झिरा खणला की पाणी लागते. तेव्हा त्या तपासणीत धमनी 'दिसली नाही' इतकेच मी लिहायला हवे होते. 'नाही' असे लिहिण्याचा अधिकार मला त्या चित्राने दिलेला नव्हता.

आता खरोखर दुर्मीळ अशा एका रचनेकडे वळतो. गर्भाचा चौथा आठवडा चालू असतो आणि त्याची लांबी असते अवघी चार-पाच मिलिमीटर. त्या वेळी मेंदूच्या मागील भागाला स्वतःचा पुरवठा नसतो. पुढच्या कॅरोटिडपासून मागे रक्त नेण्यासाठी काही तात्पुरत्या धमन्या तयार होतात. त्यांतील सर्वांत मोठी ट्रायजेमिनल धमनी. आठवडाभरात मागची जोडधमनी तयार झाली की या तात्पुरत्या वाटा मिटतात. पूल बांधून होईपर्यंत शेजारून काढलेला वळणरस्ता असावा तसे हे आहे; फरक इतकाच की निसर्ग पूल पूर्ण झाल्यावर वळणरस्ता खरोखर बंद करतो. आपल्याकडे तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत वापरात असतो. हा सारा क्रम उलगडून दाखवला डॉर्कस पॅजेट या विदुषीने, १९४८ मध्ये. मेंदूचे प्रसिद्ध शल्यविशारद वॉल्टर डँडी यांच्याकडे त्या चित्रकार म्हणून कामाला लागल्या होत्या. गर्भांच्या सूक्ष्म छेदांवरून रेखाटन करता करता त्या स्वतःच या विषयाच्या अधिकारी अभ्यासक झाल्या, आणि त्यांनी घालून दिलेले टप्पे आजही आम्ही वापरतो.

क्वचित एखाद्या माणसात हा वळणरस्ता मिटतच नाही. हजार जणांत एक ते सहा असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. माझ्या आजवरच्या नोकरीत अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी झाली. बाजूने घेतलेल्या एमआरआय चित्रात कॅरोटिड आणि ही धमनी मिळून 'टाऊ' या ग्रीक अक्षरासारखी आकृती दिसते. एकदा ओळख पटली की पुन्हा चुकत नाही. या माणसांचे पुढे काय होते? बहुतेकांचे काहीच होत नाही. जुन्या ग्रंथांत मात्र असे आढळते की अशा रुग्णांत धमनीला फुगा येण्याचे, म्हणजे अ‍ॅन्युरिझमचे प्रमाण बरेच अधिक असते. पूर्वी ते १४ टक्क्यांपर्यंत सांगितले जाई. त्यात एक खोच होती. मोनिझ यांच्या पद्धतीची तपासणी मुळात आजारी माणसांचीच होत असे. ज्यांना फुगा होता तेच तपासले जात आणि त्यांच्यात ही धमनी योगायोगाने सापडे. निरोगी लोक त्या मोजणीत आलेच नव्हते. १९९९ मध्ये अमेरिकेत ही मोजणी नव्या तपासण्यांच्या आधारे पुन्हा झाली, तेव्हा प्रमाण सुमारे ३ टक्के निघाले, म्हणजे सर्वसामान्य माणसांइतकेच. यंत्रे सुधारली की केवळ चित्रे स्वच्छ होतात असे नाही, विनाकारण चिकटलेली भीतीही कधीकधी गळून पडते.

तरीही ही धमनी अहवालात नोंदवलीच पाहिजे. पिट्युटरी ग्रंथीची गाठ आज बहुधा नाकावाटे काढतात. काही माणसांत ही धमनी त्या ग्रंथीच्या खोबणीतूनच जाते. शल्यविशारदाला आधी ठाऊक नसेल तर हत्यार थेट मोठ्या धमनीवर पडेल. तसेच कॅरोटिडमधून निघालेली रक्ताची गुठळी अशा माणसात पुढच्या मेंदूकडे न जाता या वाटेने मागे, मेंदूच्या देठाकडे जाऊ शकते. मग लक्षणे मागच्या भागाची आणि दोष पुढच्या धमनीत, असा चकवा पडतो.

हा चकवा बुलढाण्याच्या माणसाला समजायला कठीण जाऊ नये. आपल्या घाटमाथ्यावर उभे राहिले तर पावसाचे जे पाणी उत्तरेच्या उतारावर पडते ते पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि अरबी समुद्रात जाते. दक्षिणेला पडलेले पैनगंगेत, तेथून वर्धा आणि प्राणहितेच्या वाटेने गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जाते. मधली रेषा हा जलविभाजक. मेंदूतही दोन मोठ्या धमन्यांच्या क्षेत्रांमध्ये अशी सीमा असते आणि आमच्या शास्त्रात तिला याच अर्थाचे नाव आहे. रक्तदाब एकाएकी फार खाली गेला की सर्वांत आधी हा सीमेवरचा भाग वाळतो. टेलच्या शेतकऱ्याला पाणी सर्वांत शेवटी मिळते आणि सर्वांत आधी बंद होते, तसे. परंतु ज्याच्या मेंदूतील कडे निराळे आहे त्याचा जलविभाजकही निराळ्या जागी असतो. पुस्तकातला नकाशा त्याला लागू करून चालत नाही, त्याचाच नकाशा पाहावा लागतो.

आता आपल्याच रुग्णालयातील एक हकिकत. ही मी थोडी विस्ताराने सांगणार आहे. त्या कुटुंबाने ती सांगण्यास संमती दिली आहे; किंबहुना सांगाच, असा त्यांचा आग्रह आहे.

कपाशीच्या फवारणीचे दिवस होते. पन्नाशीच्या आतला एक शेतकरी दुपारी बांधावर निजलेला आढळला. हाका मारून उठेना. पंप शेजारी, अंगाला औषधाचा वास. आपल्या भागात अशा वेळी सर्वांच्या मनात जे येते तेच आले. आधी जेथे नेले तेथे विषबाधेचे उपचार सुरू झाले, आणि त्यात त्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. दहापैकी नऊ वेळा तेच योग्य ठरले असते. आपल्याकडे पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. पोलिसांना कळवण्याची कार्यवाही झाली. बाहेरच्या बाकावर पत्नी बसली होती आणि जो येईल तो तिला एकच प्रश्न विचारत होता: घरात काही भांडण झाले होते का, कर्जाचे काही होते का. ती प्रत्येकाला तेच सांगत होती की सकाळी भाकर खाऊन, हसत गेले होते. तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता, असे ती पुढे म्हणाली; मध्यरात्रीनंतर तिचा स्वतःचाही बसेना.

आपल्या फिजिशियननी रात्रीच काही गोष्टी टिपल्या होत्या. अशा विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, छाती घरघरते. येथे तसे काही नव्हते. वास कपड्यांना होता, श्वासाला नव्हता. डोक्याचा सीटी स्कॅन मी पाहिला. तो निर्दोष होता. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत सीटी निर्दोष दिसू शकतो हे आम्हाला ठाऊक असते, पण अर्धांग लुळे पडलेले नसताना ती शंका कुणाला सहज येत नाही. पहाटे त्यांनी रुग्णाला जोरात हलवून जागे केले. तो जागा झाला, आपले नाव सांगितले आणि बोलता बोलता पुन्हा झोपला. जागा असताना त्याला वर छताकडे पाहायला सांगितले. डोळे डावीकडे गेले, उजवीकडे गेले, वर जाईनात. हृदयाचा आलेख काढला, तर ठोक्यांची लय अनियमित. सकाळी एमआरआयसाठी त्याला बाहेर पाठवले. दुपारी चित्रे संगणकावर आली.

मेंदूच्या मध्यभागी थॅलेमस नावाच्या अंड्याच्या आकाराच्या दोन गाठी असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. जागेपण राखणे हे त्यांच्या अनेक कामांपैकी एक. दोन्ही थॅलेमसच्या आतील बाजूस, समोरासमोर, एकाच वेळी रक्तपुरवठा तुटल्याचे दोन पांढरे ठिपके होते. एका वेळी एक धमनी बंद पडावी हे समजते. दोन बाजूंच्या दोन धमन्या एकाच क्षणी कशा बंद पडतील? याचे उत्तर जेरार्ड पर्शेरॉन या फ्रेंच संशोधकाने १९७३ मध्ये दिले होते. सर्वसाधारणपणे प्रत्येक थॅलेमसला आपापल्या बाजूच्या बारीक शाखा मिळतात. काही माणसांत मात्र एकाच बाजूने एकच खोड निघते आणि पुढे दुभंगून दोन्ही थॅलेमसना पाणी पाजते. या धमनीला आता पर्शेरॉनचेच नाव आहे. हृदयाच्या अनियमित लयीमुळे तयार झालेली बारीकशी गुठळी त्या एका खोडात अडकली आणि दोन्ही शेते एकदम वाळली. दोन्ही थॅलेमस एकदम बिघडण्याची अन्य कारणेही असतात, विशेषतः मेंदूच्या खोल शिरेत रक्त गोठणे. ती पाहून वगळली.

गंमत अशी की ही धमनी एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात दिसतच नाही, इतकी ती बारीक. दिसते ते वाळलेले शेत, आणि त्यावरून पाट कुठून निघाला असेल याचा अंदाज. आज ज्या दुर्मीळ रचनांविषयी मी बोललो, त्यांतील हीच एक अशी की जिचा पुरावा बहुधा दुखणे आल्यावरच मिळतो.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची वेळ, म्हणजे साडेचार तास, केव्हाच उलटून गेली होती. दुसरे उपचार सुरू झाले, हृदयाचा इलाज सुरू झाला. रक्तातील विषबाधेची तपासणीही यथावकाश निर्दोष आली. मी बाहेर जाऊन पत्नीला आणि तिच्या भावाला चित्र दाखवले. विभागातून उठून बाहेर जाण्याची आमची प्रथा नाही. त्या दिवशी मी गेलो. हे विष नाही, त्यांनी काही घेतलेले नाही, हा मेंदूचा झटका आहे, असे सांगितले. आजार गंभीर आहे हे ऐकून माणसे रडतात. ही बाई त्या बातमीने प्रथमच शांत झाली. भावाने मात्र भिंतीकडे तोंड केले.

आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंचा शोध घेतला, तेव्हा मेंदूचा झटका हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले; दर सात मृत्यूंमागे एक. बहुतेक माणसे घरीच गेली होती. हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे हा समज आता सोडला पाहिजे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे आता पुष्कळांना ठाऊक आहेत. एकाएकी अनावर झोप हेही क्वचित लक्षण असू शकते, हे फवारणीच्या हंगामात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचावे अशी माझी इच्छा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच मोठ्या चाचण्यांनंतर मोठ्या धमनीतील गुठळी तारेच्या जाळीने ओढून काढण्याचा उपचार जगभर मान्य झाला. निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही करता येतो. तो करणाऱ्याला रुग्णाच्या धमन्यांचा नकाशा हवा असतो, आणि मध्यरात्री तो नव्याने काढण्यात जाणारी मिनिटे मेंदूची असतात.

म्हणून नातेवाइकांना माझी विनंती आहे की जुनी चित्रे आणि सीडी फेकू नयेत. आपण शेताचा सातबारा जपतो, तशी ती जपावीत आणि प्रत्येक वेळी सोबत आणावीत. विश्वस्त मंडळापुढे मी दोन प्रस्ताव ठेवले आहेत. सीटीची सर्व चित्रे कायम राहतील अशी संगणकीय साठवणूक आपण घ्यावी. यंत्राच्या मानाने तिचा खर्च पुष्कळ कमी आहे, परंतु तिच्यावर नावाची पाटी लावता येत नसल्याने देणगीदारांचे लक्ष तिकडे सहसा जात नाही, एवढे स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमा असावी. दुसरा प्रस्ताव बिनखर्चाचा असून तो आमच्या विभागात सुरूही झाला आहे. ज्या अहवालात अशी निराळी रचना लिहिली जाईल, त्यासोबत चार ओळींची मराठी चिठ्ठी जाते: ही जन्मजात रचना आहे, आजार नव्हे; यासाठी औषध वा शस्त्रक्रिया नको; पुढे कधी मेंदूची वा मानेची तपासणी किंवा शस्त्रक्रिया ठरली तर हा कागद डॉक्टरांना दाखवा. त्या चिठ्ठीचा मसुदा लिहिताना हातात टोपी धरलेले ते गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर होते.

तो शेतकरी गेल्या महिन्यात फेरतपासणीस आला होता. दिवसा झोप येणे बहुतांशी गेले आहे. डोळे वर जातात. स्मरणात मात्र खळगे राहिले आहेत. बाजारभाव लक्षात राहत नाहीत, म्हणून आता माल घेऊन बाजार समितीत पत्नी जाते, आणि तिच्या सांगण्यानुसार भाव पूर्वीपेक्षा बरा मिळतो. जाता जाता त्याने विचारले, "साहेब, माह्या पोराच्या डोक्यातही अशीच नस असंल का?" असेलही, नसेलही, मी म्हणालो, ती शोधायला त्याचा एमआरआय करू नका. तुमची गोळी रोज चुकवू नका आणि दर महिन्याला नाडी दाखवून जा. त्याने मान हलवली. गोळीची वेळ पत्नीने आपल्या मोबाइलवर लावून ठेवली होती, ती तिने मला दाखवली.